पाण्यावाचून शौचकूप

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय चारचौघांत काढावयाचा नसतो, आणि ही वेळ पुष्कळ घरांत पाने मांडावयाची असते याची मला कल्पना आहे. तेव्हा ज्यांचे जेवण अर्ध्यावर असेल त्यांनी घटकाभर रेडिओ बंद केला तरी माझी हरकत नाही. बाकीच्यांनी मात्र थोडा धीर धरावा. विषय संकोचाचा खरा. पण त्याच्या एका टोकाला पटकीची साथ आहे आणि दुसऱ्या टोकाला माणसाने माणसाच्या डोक्यावर चढविलेली मैल्याची टोपली आहे.

मराठीत या विधीला किती नावे आहेत पाहा. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, शेताकडे जाणे, टमरेल घेऊन जाणे. या सर्व नावांत ‘जाणे’ तेवढे सारखे आहे. माणूस घरापासून दूर जातो, मोकळा होतो आणि परत येतो. मागे जे ठेवले त्याचे पुढे काय झाले हे पाहण्यास तो थांबत नाही. आजच्या शहरी बिऱ्हाडात हे जाणे चार पावलांवर आले आहे इतकेच. बटण दाबले की सहा ते दहा लिटर पाणी धावत येते आणि नको असलेली वस्तू नजरेआड करते. भरपूर पाणी, अखंड नळ आणि शेवटी मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र, या तिन्ही गोष्टी असतील तर ही व्यवस्था फार चांगली आहे. परंतु जेथे यांपैकी एकही नाही अशा जागा जगात थोड्या नाहीत. डोंगरावरचा किल्ला, हिमालयातील तळ, जंगलातील संशोधकांची छावणी, भूकंपानंतर उभे राहिलेले तंबूंचे गाव. अशा ठिकाणी उचलून नेता येईल, पाण्यावाचून चालेल आणि आतल्या मळाचे खत करील असे शौचकूप असावे, ही कल्पना मनाला फार सुखावणारी आहे. तशा पेट्या आज विकतही मिळतात. त्या काय करतात, काय करीत नाहीत आणि विकणारा जे सांगावयाचे विसरतो ते काय, हे आज पाहावयाचे आहे.

या कथेचा आरंभ एका पाद्र्यापासून करणे योग्य होईल. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर गावाला लागून फोर्डिंग्टन नावाची वस्ती आहे. हेन्री मूल हे तेथील धर्मोपदेशक. १८४९ आणि पुन्हा १८५४ साली पटकीने इंग्लंडात थैमान घातले तेव्हा फोर्डिंग्टनच्या दाटीच्या, गलिच्छ गल्ल्यांतून मूल रुग्णांची सेवा करीत हिंडले. ती जमीन राजघराण्याच्या मालकीची होती. म्हणून त्यांनी थेट राणीचे पती राजपुत्र आल्बर्ट यांना पत्रे लिहून तेथील घाणीचे वर्णन कळविले. पुढे १८५९ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या घराचा मैलाखड्डा बुजवून टाकला. घरातील मंडळींना बादल्या दिल्या आणि बादल्यांतील मैला बागेत हातभर खोलीचे चर खणून पुरावयास आरंभ केला. तीन-चार आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खणावयाचा प्रसंग आला, तेव्हा पुरलेल्या वस्तूचा मागमूसही राहिलेला नव्हता. उरली होती ती नुसती माती, आणि तिला दुर्गंधीही नव्हती.

पुढल्याच वर्षी, १८६० मध्ये, मूल यांनी आपल्या ‘मातीच्या शौचकूपा’चे पेटंट घेतले. रचना साधी होती. बैठकीच्या मागे कोरड्या, चाळलेल्या मातीची पेटी. एक दांडी ओढली की ठरावीक माती खाली बादलीत पडून मळ झाकून टाकी. चिकण किंवा पोयट्याची माती चालते, वाळू चालत नाही, हे त्यांनी अनुभवाने ठरविले. तीच माती वाळवून पुन्हापुन्हा वापरता येते हेही त्यांच्या ध्यानात आले. हे शौचकूप इंग्लंडातील शाळांत, लष्करी तळांवर आणि खेड्यांतील घरांत गेले. हिंदुस्थानातील तुरुंगांत आणि छावण्यांतही कोरड्या मातीची ही पद्धत आली. येथे मात्र बादली कोणी उचलावयाची हा प्रश्न विलायतेहून निराळ्या रीतीने सुटला. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

मातीने हे काम कसे केले? यात मातीचा वाटा आहे, पण खरे काम करतात ते तिच्यातील सूक्ष्म जीव. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात हे जीव असंख्य असतात आणि खाली खाली ते विरळ होत जातात. म्हणूनच गांधीजींनी ग्रामसफाईविषयी लिहिताना डॉ. पूअर या इंग्रज वैद्याच्या ग्रंथाचा हवाला देऊन, मैला नऊ ते बारा इंचांहून खोल पुरू नये, असे सांगितले. खोल खड्ड्यात तो कुजत नाही, नुसता सडतो. कुजणे आणि सडणे यांत फरक आहे, आणि पाण्यावाचून चालणाऱ्या शौचकूपाचे सारे शास्त्र त्या फरकात आहे. हवा खेळती असली तर जे जीव कामास लागतात ते मळाचे रूपांतर पाणी, वायू आणि काळसर भुसभुशीत खतात करतात. त्यांच्या कामाला फारसा वास नसतो. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जीव पुढे येतात आणि मग जी दुर्गंधी सुटते ती आपल्या परिचयाची आहे.

हवेइतकेच महत्त्व आहाराच्या प्रमाणाला आहे. या जीवांना एक भाग नत्रामागे सुमारे पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. मानवी मळात कर्बाचे प्रमाण नत्राच्या पाचदहा पटच असते आणि मूत्रात तर कर्ब नत्राहूनही कमी. लाकडाच्या भुशात मात्र ते काही शेकडा पट असते. यावरून ध्यानात येईल की प्रत्येक वेळी मळावर जी मूठभर भर टाकावयाची, मग ती भुसा असो, वाळलेला पाला असो, भाताचे तूस असो की नारळाच्या सोडणांचा भुगा असो, ती केवळ वस्तू झाकण्यासाठी नसते. ती त्या जीवांच्या जेवणातील भाकरी आहे. शिवाय ती जास्तीचा ओलावा शोषते आणि हवेला आत शिरावयास वाटा ठेवते. ओलावा निम्म्याच्या थोडा वर असावा. पिळलेल्या फडक्याइतके ओले, हे माप घरातील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

राहिली ऊब. थंडीच्या दिवसांत विरजण लागत नाही हे आपण जाणतो. तोच न्याय येथे आहे. पाच अंश सेंटिग्रेडच्या खाली हे जीव जवळजवळ झोपी जातात. उलट, ढीग चांगला दोन हात रुंद, दोन हात उंच, म्हणजे साधारण एक घनमीटर असला आणि त्यात हवा व ओलावा ठीक असला, तर त्यांच्या श्वसनाने ढीग आपोआप तापून पन्नास-साठ अंशांवर जातो. हा ताप फार मोलाचा आहे. मळातून पसरणाऱ्या रोगबीजांत सर्वांत चिवट म्हणजे पोटातील जंतांची अंडी. ती मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे जगतात. पन्नास अंशांच्या वर आठवडाभर ढीग राहिला की तीही टिकाव धरीत नाहीत.

हे सर्व शास्त्र न वाचता ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरले असे लोक आपल्याच देशात आहेत. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो. लडाखी घराच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली असते. तिच्या जमिनीवर मातीचा थर पसरलेला, मध्ये एक भोक आणि कोपऱ्यात फावडे. काम आटोपल्यावर फावड्याने थोडी माती आणि चुलीची राख भोकातून खाली लोटावयाची. खालच्या मजल्यावर बंद कोठडी असते; वर्षातून एकदा-दोनदा तिचे बाहेरचे दार उघडून झालेले खत शेतावर नेले जाते. तेथे गुरांचे शेण सरपणाला जाते, पिकाचा हंगाम आखूड असतो आणि जमीन हलकी असते. म्हणून या खताची किंमत लडाखी शेतकरी ओळखून आहे. मराठीतही या खताला सोनखत म्हणत आले आहेत आणि ते नाव थट्टेने पडलेले नाही. १९७४ मध्ये लडाख प्रवाशांना खुले झाले. पाहुण्यांसाठी निघालेल्या हॉटेलांतून पाण्याची शौचकूपे आली, त्यांचे पाणी शोषखड्ड्यांतून जमिनीत मुरू लागले आणि ज्या झऱ्यांवर व विहिरींवर लेहची तहान भागे त्यांच्या शुद्धतेची काळजी उत्पन्न झाली. बर्फ वितळून मिळणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या गावाने तेच पाणी मळ वाहून नेण्यास खर्च करावे, हा पाहुणचार जरा महागच म्हणावयाचा.

लडाखी शौचकूपाचे यश कशात आहे? कोरड्या हवेत आहे, मातीत आहे. पण सर्वांत अधिक ते खालच्या कोठडीत आहे. वरची खोली आपल्याला दिसते, खालची कोठडी वाट पाहते. स्वीडनमध्ये १९३९ साली रिकार्ड लिंडस्ट्रॉम यांनी स्टॉकहोमजवळ आपल्या घरी जे शौचकूप बांधले त्याचेही मर्म हेच होते. उतरत्या तळाची एक मोठी टाकी. मळ आणि स्वयंपाकघरातील केरकचरा वरच्या टोकाला पडावयाचा आणि कुजत कुजत, काही वर्षांच्या सावकाश गतीने, खालच्या टोकाला खत होऊन पोहोचावयाचा.

आता उचलून नेता येणाऱ्या पेटीकडे वळू. आजकालच्या चांगल्या पेटीचे रहस्य तिच्या बैठकीच्या आकारात असते. पुढचा भाग मूत्र निराळे करून एका डब्यात नेतो, मागचा भाग मळाला स्वतंत्र पात्रात पाडतो. माणूस दिवसाकाठी एक ते दीड लिटर मूत्र विसर्जन करतो, त्या मानाने मळ पाव किलोच्या आतबाहेर. तेव्हा द्रव निराळा काढला की पेटीतील बहुतेक ओझे आणि बहुतेक ओलावा गेला. दुर्गंधीचेही मूळ या दोहोंच्या मिश्रणात आहे, कारण मळातील जंतूंच्या योगाने मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो. मागच्या पात्रात सोडणांचा भुगा भरलेला असतो, तो ढवळण्यास बाहेरून एक दांडी असते, आणि वाटीएवढा एक पंखा सूर्यप्रकाशावर चालून आतली हवा नळीवाटे बाहेर टाकतो. दोन माणसांचे काम तीन-चार आठवडे त्यात भागते.

येथे आपल्याकडील एक अडचण सांगितली पाहिजे. या पेट्या बहुधा कागद वापरणाऱ्या लोकांनी कागद वापरणाऱ्या लोकांसाठी केलेल्या आहेत. आपण पाणी घेतो. प्रत्येक वेळी लोटाभर पाणी मागच्या पात्रात गेले तर आठवड्याच्या आत त्याचा चिखल होतो आणि पंख्याचा काही इलाज चालत नाही. केरळ आणि तमिळनाडूत ज्यांनी अशी शौचकूपे बसविली त्यांनी यावर सोपा उपाय काढला: बैठकीला तिसरा भाग जोडावयाचा. माणसाने किंचित सरकून धुवावे, ते पाणी वेगळ्या नळीने केळीच्या किंवा कर्दळीच्या वाफ्याला जावे. परदेशी पेटी विकत घेऊन ती डोंगरावर नेणाऱ्याने हा विचार आधी करावा. माझ्या मते या पेट्या आपल्याकडे निरुपयोगी ठरतात त्या बहुशः याच एका कारणाने.

परंतु याहून मोठी गोष्ट विकणारा सांगत नाही. पेटीवर ‘खत करणारे शौचकूप’ असे लिहिलेले असते, आणि पेटीत खत होत नाही. बादलीभर वस्तू स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही. ती पन्नास अंशांवर कधीच जात नाही. शिवाय वर रोज नवा मळ पडत असताना तळाचा जुना मळ शुद्ध झाला असे म्हणण्यास काय आधार? तीन आठवड्यांनी पेटी उघडल्यावर जे दिसते ते मातीसारखे असते, वासही मातीसारखा येतो, आणि त्यात जंताची अंडी जिवंत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये यासंबंधी जे मार्गदर्शन केले त्याप्रमाणे, नवी भर न घालता नुसते साठवून ठेवावयाचे असेल तर वीस ते पस्तीस अंशांच्या हवेत एक वर्षाहून अधिक, आणि त्याहून थंड प्रदेशात दीड ते दोन वर्षे थांबले पाहिजे. पदार्थ चांगला कोरडा असेल आणि राख किंवा चुन्याने त्याचा क्षारगुण पुरेसा वाढविला असेल तर सहा महिन्यांवर भागते. म्हणजे पेटी हे केवळ गोळा करण्याचे पात्र झाले. शौचकूपाचा दुसरा अर्धा भाग, लडाखची ती खालची कोठडी, कोठे तरी असलीच पाहिजे. ती नसेल तर आपण घाण एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली, एवढाच त्या पेटीचा अर्थ.

दूरच्या छावणीत या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते याचे उदाहरण फार जुने नाही. ज्या पटकीने मूल यांना मातीकडे वळविले तीच पटकी दीडशे वर्षांनंतर वेस्ट इंडीजमधील हैती देशात उतरली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भीषण भूकंप झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिर्बाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची जी छावणी होती, तिचा मैला ओढ्यात आणि तेथून आर्तिबोनित नदीत गेला. नदीकाठचे लोक तेच पाणी पीत. आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. साहाय्यासाठी आलेल्यांच्या शौचकूपाने हे केले, ही गोष्ट मान्य होण्यास वर्षे लागली. २०१६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली.

आणि त्याच हैतीत या रोगावरचा उताराही पाहावयास मिळतो. ‘सॉइल’ नावाची संस्था तेथे २००६ पासून काम करते. भूकंपानंतर तंबूंच्या वस्त्यांत तिने पाण्यावाचून चालणारी शौचकूपे ठेविली. पुढे काप-आयतियँ शहरात घरोघर तशी बैठक दिली. बैठकीखाली झाकणाचे पिंप असते, वर टाकावयास उसाची बारीक केलेली चिपाडे आणि शेंगांची टरफले. भरलेले पिंप संस्थेचे लोक झाकण लावून नेतात आणि धुतलेले, रिकामे पिंप ठेवतात. गावाबाहेर मोठमोठ्या हौद्यांत हा माल एकत्र करून त्याचे ढीग लावतात. ते तापतात, आत तापमापक खुपसून त्यांचा ताप मोजला जातो, आणि काही महिन्यांनी त्याचे खत होते. पेटी लहान असेल तर ऊब गावाने मिळून निर्माण करावी लागते, हे या योजनेतील शहाणपण आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या प्रदेशात चिपाडांना तोटा नाही, हे सहज मनात येते.

जेथे असा ढीग लावताच येत नाही अशाही जागा आहेत. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ पाच हजार तीनशे मीटरांवर बर्फावर वसतो. तेथे विरजण लागण्याची आशाच नको. म्हणून तळावरील मैला पिंपांत भरून हमाल पाठीवरून खाली नेतात. आणि २०२४ पासून वर चढणाऱ्यांनी आपला मळ पिशवीत बांधून आपल्याबरोबर खाली आणला पाहिजे असा नियम तेथील स्थानिक संस्थेने केला आहे. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनच्या नदीत नावा घेऊन जाणारेही सर्व काही परत आणतात. पूर्वी त्यासाठी ते लष्कराच्या दारूगोळ्याच्या लोखंडी पेट्या वापरीत. तिच्या काठांचे बसणाराच्या अंगावर जे वळ उठत त्यावरून नावाड्यांच्या बोलीत तिला ‘वळ उठविणारी’ असे नावच पडले. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने अतिशीत प्रदेशातील सैनिकांसाठी जी जंतूंची टाकी तयार केली, आणि जी पुढे आगगाडीच्या डब्यांखाली आली, ती निराळ्या जातीची आहे. तिच्यातील जीव हवेवाचून काम करतात आणि तिला पाणी लागते. ती आज आपल्या विषयाबाहेर ठेवू.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो: बादली कोणी उचलावयाची? विलायतेत मूल यांच्या घरची मंडळी आणि नोकर तीच बादली बागेत नेत. आपल्याकडे ती उचलण्यासाठी जात जन्माला घातलेली होती. टोपलीचा संडास म्हणजे कोरड्या शौचकूपाचे सर्वांत वाईट रूप: मातीही नाही, मुदतही नाही, रोजचा ताजा मळ आणि रोजची तीच माणसे. म्हणून १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास बांधणेच गुन्हा ठरविले आणि पाण्याचा अडसर नसलेला तो कोरडा संडास, अशी त्याची व्याख्या केली. ते योग्यच झाले. २०१३ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. हाताने मैला उचलण्याची व्याख्या करताना, मळ पूर्णपणे कुजण्यापूर्वी तो हाताळणे, अशी मर्यादा त्यात घातली आहे. ‘पूर्णपणे कुजण्यापूर्वी’ हे शब्द लिहिणाऱ्यांनी, मला वाटते, या विषयाचा गाभाच पकडला. वर्षभर थांबलेले खत फावड्याने काढणारा शेतकरी आणि आजचा मळ काढणारा माणूस यांच्यात जे अंतर आहे ते केवळ काळाचे आहे. पण ते अंतर राखले नाही तर नव्या चकचकीत पेटीच्या मागेही जुनीच टोपली उभी राहील. पेटी सायंकाळी कोण ओतणार, हे ठरविल्याशिवाय ती कोणत्याही छावणीत नेऊ नये.

हे अंतर कसे राखावे याचा विचार आपल्या कोकणात एका माणसाने आयुष्यभर केला. अप्पासाहेब पटवर्धन हे ते गृहस्थ. १९३२ साली तुरुंगात असताना आपल्याला सफाईचे काम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठीशी उपोषण आरंभिले. पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम उभा राहिला. तेथील ‘गोपुरी संडास’ म्हणजे आळीपाळीने वापरावयाचे कप्पे. एक भरला की तो बंद. दुसरा वापरात येई तो पहिल्यातील मैल्याचे सोनखत होई. प्रत्येक वेळी वर माती आणि पालापाचोळा टाकावयाचा. पुढे बिहारमध्ये १९७० पासून ‘सुलभ’ने दोन खड्ड्यांचे जे शौचकूप पसरविले त्यात लोटाभर पाणी वापरले जाते, तरी एक खड्डा थांबतो आणि एक चालतो हे तत्त्व तेच आहे.

आता शेवटी आपल्या सह्याद्रीकडे. राजगड, हरिश्चंद्रगड यांसारख्या ठिकाणी सुटीच्या दिवशी आता किती तरुण मंडळी मुक्कामाला जातात! तेथील पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी. तेच पिण्याचे, तेच स्वयंपाकाचे. कातळावर मातीचा थर पातळ, आणि पावसाळ्याचे चार महिने वरून धार. अशा जागी उघड्यावर बसणाऱ्याचा मळ पहिल्या सरीबरोबर टाक्याच्या दिशेने निघतो. वीतभर खणून पुरावे म्हटले तर वीतभर माती मिळत नाही. शिवकाळात रायगडाच्या राणीवशात शौचकूप बांधले गेले होते, याची येथे आठवण होते; गडावर माणसे राहावयाची तर त्यांची ही सोय प्रथम पाहिली पाहिजे, हे त्या बांधणाऱ्यांना कळत होते.

येथे पेटी पाठीवरून वर नेणे आणि भरलेली पेटी पाठीवरून खाली आणणे हा एक मार्ग झाला. दहा जणांच्या संघास तो शक्य आहे आणि त्यांनी तो पत्करावा. परंतु जेथे आठवड्याला शेकडो लोक येतात तेथे अमेरिकेतील एका पायवाटेचा धडा गिरविण्यासारखा आहे. अपलाचियन पर्वतातून जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे आणि ती १९३७ मध्ये पुरी झाली. तिच्यावरच्या पुष्कळ निवाऱ्यांजवळ जमिनीवर लाकडी फळ्यांचा एक पिंजरा करून त्याच्या बाजूंना बारीक जाळी मारतात, वर बैठक आणि बैठकीवर लहानसे खोपटे ठेवतात. जाणारा प्रत्येक जण मूठभर लाकडाचा भुसा टाकतो. आत सोडलेली तांबडी गांडुळे सावकाश आपले काम करतात. पिंजरा भरला की मळ कोणी हलवीत नाही. खोपटे आणि बैठक उचलून शेजारच्या दुसऱ्या पिंजऱ्यावर ठेवतात, आणि पहिला झाकून सोडून देतात. उचलून नेता येणाऱ्या शौचकूपाचा मला सर्वांत पटलेला अर्थ हाच आहे: बैठक फिरावी, मळ जागीच राहावा.

सह्याद्रीवर हे करावयाचे तर तीन गोष्टी बदलाव्या लागतील. पिंजरा टाक्यापासून दूर, आणि टाक्याच्या उतारावर खालच्या अंगाला असावा. वरच्या अंगाला कदापि नको. त्याचे छप्पर इतके रुंद असावे की तिरप्या पावसाची झड आत पोहोचू नये, आणि तळाशी कातळावरून वाहणारे पाणी शिरू नये म्हणून दगडांचा हातभर उंच ओटा असावा. आणि पाला मार्च-एप्रिलमध्ये, तो कडकडीत वाळलेला असताना, पोत्यांत भरून छपराखाली रचून ठेवावा, कारण आषाढात गडावर कोरडे पान मिळणार नाही. धुण्याचे पाणी वेगळ्या नळीने बाजूला काढावे. पहिला पिंजरा भरून झाकला की झाकणावर महिना आणि साल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहावे. आणि पुढल्या वर्षीचा तोच महिना उलटून गेल्यावरच, फावडे आणि हातमोजे घेऊन, ते झाकण उघडावे.